भादरलेला याक

बर्फातलं जनावर रेणापूरच्या माळावर कशाला आणावं, याचं धड उत्तर कुणाकडेच नव्हतं. पण ते आलं होतं खरं, आणि त्याची उस्तवार तारामतीच्या गळ्यात पडली होती.

झालं असं. माळेगावच्या यात्रेत घोडे येतात, उंट येतात, गाढवं येतात, कुत्र्यांचासुद्धा बाजार भरतो. त्या वर्षी एक फोटोवाला चक्क याक घेऊन आला. पाठीवर लाल झूल, शिंगांना चमकीच्या पट्ट्या, आणि 'पहाडी जनावरावर बसा, फोटो काढा' म्हणून दिवसभर भोंगा चालू. सरकारी साहेबांनी परवाना विचारला तेव्हा त्याच्याकडून नुसतं हसू निघालं. याक जप्त झाला. जप्तीतला घोडा असता तर सांभाळायला कुणीही पुढं आलं असतं, पण याक ठेवायचा कुठं? शेवटी लोह्याकडून टेम्पोत घालून त्याला रेणापूर रस्त्यावरच्या प्राणी उद्यानात आणून सोडलं. उद्यान तरी कसलं म्हणा. कुण्या ट्रस्टनं हौसेनं काढलेलं आणि हौस फिटल्यावर तसंच राहिलेलं. थोडी हरणं, दोन कोल्हे, मोर, आणि मेली की जिती हे कळू न देणारी एक मगर. "थोडे दिवस ठेवा, पहाडात पाठवायची सोय करतो," असं सांगून साहेब लोक निघून गेले. तेव्हा पौषातली थंडी होती. सगळ्यांनाच वाटलं, राहील की.

साहेबांचे थोडे दिवस केवढे असतात, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. पौष गेला, शिमगा गेला, आणि लातूरचा उन्हाळा दारात येऊन उभा राहिला.

तारामती तिथली रोजंदारीवरची बाई. नवरा होता तोवर घरी दावणीला म्हशी होत्या. नवरा गेला, पाठोपाठ म्हशी गेल्या, हातांची सवय तेवढी राहिली. ती सवय बघूनच याक तिच्याकडं दिला होता. त्याचे केस पोटाखाली पार जमिनीला टेकायचे, चालताना दिसायचं की घोंगडं पांघरून कुणी म्हातारा चाललाय. म्हणून तिनं नाव ठेवलं घोंगड्या.

पहिले दिवस घोंगड्या पाण्याला तोंड लावेना. हौदापाशी यायचा, वास घ्यायचा आणि मागं सरायचा. तिला नवऱ्याची आठवण झाली. तो म्हशी पाण्यावर नेला की शीळ घालायचा, हळू, लांबवत. "शीळ चालू हाय तवर जनावर पितं बग," तो म्हणायचा, "थांबली की मान वर करतं." तारामतीनं इकडंतिकडं बघितलं आणि ओठ आवळून शीळ घातली. बाईमाणसानं शीळ घातली तर घरात दळिद्र येतं, असं तिची सासू सांगायची. तारामतीनं मनात म्हटलं, यायचं ते येऊन बसलंय माय, आता आणखी काय येणार? घोंगड्यानं कान टवकारले, हौदात तोंड घातलं आणि पोटभर प्याला. तेव्हापासून शीळ ऐकली की तो कुठूनही यायचा. मात्र माणसं आसपास असली की ती शीळ घालत नसे. पन्नाशी उलटलेल्या बाईनं शिट्ट्या मारायच्या म्हणजे लोक काय म्हणतील, ही भीती म्हातारपणातही सुटत नाही.

पहिला उन्हाळा कसा काढला, ते तिचं तिला माहीत. बोअर आटलं, टँकर आला तर आला. बारदानं भिजवून जाळीला बांधायची, ती वाळली की पुन्हा भिजवायची. हौदातलं पाणी तापलं की उपसून झाडांना घालायचं आणि दुसरं भरायचं. दुपारी बर्फाची लादी यायची, ती सावलीत ठेवली की घोंगड्या तिच्यावर हनुवटी टेकून डोळे मिटून पडायचा, आणि लादीचं पाणी होईस्तोवर हलायचा नाही. बघायला येणारी माणसं काय बोलायची! "माणसाला प्यायला पाणी न्हाई अन् रेड्याला बरफ." कुणी म्हणे कांदा चारा, कुणी म्हणे ताक पाजा. उंटावरच्या शहाण्यांना तोटा नव्हता, बादली उचलायला मात्र एकही पुढं येत नव्हता.

लातूरहून डॉक्टर ऋतुजा तपासायला यायच्या. पोरसवदा बाई, पण मायेची. त्या सारखे फोन करायच्या, सारखं सांगायच्या, "मावशी, ट्रक येणार आहे. बोलणं झालंय." तारामतीला दुसरं काही नकोच होतं. घोंगड्या जिता पहाडात पोचावा आणि आपली यातून सुटका व्हावी. यातलं पहिलं किती आणि दुसरं किती, हे तिनं कधी उकलून पाहिलं नव्हतं. ट्रक आला नाही. पावसाळा आला, हिवाळा आला, घोंगड्या जरा सावरला, आणि पाडव्याच्या सुमाराला पुन्हा तीच आग सुरू झाली. या खेपेला तिचे गुडघे सुजले होते. जिभेला फेस आणून धापा टाकणारं ते धूड तिच्याकडं बघायचं, आणि ती मनातल्या मनात म्हणायची, माझ्याकडं नको बघूस बाबा, मीच बुडायला आलेय.

अशात मलप्पा आला. मलप्पा तिचा धाकटा दीर, शिरूर अनंतपाळचा. चैत्र लागला की गावोगाव फिरून म्हशी भादरायचा हा त्याचा धंदा. आपल्याकडं उन्हाळ्याच्या तोंडाला म्हस भादरून, अंगाला तेल चोळून पाण्यात सोडतात, हे काही नवं नाही. वस्तरा चालवावा तर मलप्पानं, असं चार गावांत म्हणत. तो वहिनीला भेटायला म्हणून आला आणि जाळीपाशी कपाळाला हात लावून उभा राहिला.

"वैनी, हे काय करायलात? अंगावर एवढं लोकर ठिवून वरून पानी वतायलात? आधी भादरा की तेला!"

"म्हस न्हाई ते, मलप्पा. याक हाय."

"याक म्हंजी तरी काय? पहाडातली म्हसच की. शिंगं हायत, शेपूट हाय, रवंथ करतंय. आपन बैसाखात घोंगडं पांघरून बसलो तर काय होईल?"

"डॉक्टरबाई ट्रेनिंगला गेल्यात. आल्या की इचारते."

"म्हस भादरायला कवा डॉक्टर लागला का? तुमचा ट्रक काय येत न्हाई. येडं केलंय तुमाला. ट्रकची वाट बगत जनावर मरंल, अन् तेच्या आधी तुमी."

हे मात्र तिला लागलं, कारण ते तिच्या मनातलंच होतं. सव्वा वर्ष ट्रक, ट्रक ऐकून तिचे कान किटले होते. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला तिच्या डोळ्यांपुढं घोंगड्या नव्हता, बादल्या होत्या. केस गेले तर पाणी कमी लागेल, बारदानं कमी भिजवावी लागतील, दुपारी घटकाभर पाठ टेकता येईल. आधी तिला हे सुचलं, आणि जनावराला बरं वाटेल हे त्याच्या मागून आलं.

"हाव," ती म्हणाली. "भादर."

मलप्पानं आधी कातरीनं वरचा गुंता काढला, मग वस्तरा घेतला. तारामती शिंगाशी उभी राहून हळू शीळ घालत होती, आणि घोंगड्या म्हशीपेक्षाही शहाण्यासारखा उभा राहिला. पाठ झाली, कुशी झाल्या, पोटाखालचे जमिनीला टेकणारे लांब केससुद्धा मलप्पानं सफाचट केले. लेकराचं जावळ काढताना शेंडी ठेवावी तसा कपाळावर एक झुपका ठेवला आणि शेपटीचा गोंडा तेवढा राखला. मग घाण्याचं करडईचं तेल आणून अंगभर चोळलं. केसांची पोती भरून तो दोर वळायला घरी घेऊन गेला. घोंगड्या आता निम्माच राहिला होता. एवढ्या मोठ्या घोंगड्यात एवढंसंच जनावर होतं, हे बघून तिला हसू आलं.

त्या संध्याकाळी मात्र तो मोकळ्या आवारात दुडकत फिरला. लिंबाला अंग घासलं, चारा चवीनं खाल्ला. तारामती त्या दिवशी घरी जाऊन भाकरी खाऊन जी निजली ती उजाडल्यावरच उठली. सव्वा वर्षात इतकी गाढ झोप तिला लागली नव्हती. मलप्पाला तिनं मनातून लाख दुवा दिल्या.

सुख फार टिकलं नाही. चारच दिवसांत पाठीचं कातडं लाल झालं, मग त्यावर फोड आले, मग पापुद्रे सुटायला लागले. वरून तेल आणि त्यावर ऊन, म्हणजे तव्यावर टाकल्यासारखंच. ओल्या जागी माश्या बसायला लागल्या. घोंगड्या लिंबाखालून हलेना आणि सावली सरकली की कण्हायचा. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. तारामती आता बारदानं भिजवायची, माश्या हाकलायची, सावलीसाठी शेडनेटचे तुकडे जोडून शिवायची, आणि पाणी आधीपेक्षा जास्तच लागायला लागलं.

डॉक्टर ऋतुजा परत आल्या, आणि फाटकातच त्यांचे पाय थबकले.

"मावशी, हे कुणी केलं?"

"म्या केलं." मलप्पाचं नाव तिनं घेतलं नाही.

डॉक्टरबाई आत येऊन त्याच्या पाठीवर वाकल्या. उलटी ठेवलेली बादली ओढून तिच्यावर बसल्या. "मावशी, आपल्याकडची माणसं उन्हात जाताना डोक्याला रुमाल गुंडाळतात ना? ते काय थंडी वाजते म्हणून? याचे केस हा याचा रुमाल होता. ऊन वरच्या वर अडत होतं. आता ते सरळ कातड्यावर पडतंय. आणि हे अंगाला काय लावलंय?"

"तेल. करडईचं." आणि मग, तेवढं तरी चांगलं निघावं म्हणून, "घाण्याचं हाय."

डॉक्टरबाईंना हसू आलं, पण त्यात दम नव्हता. "रागवू कुणावर? मीच सांगून ठेवायला हवं होतं. पण याकाला कुणी भादरेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही."

"अन् मला वाटलं, ट्रक काय येत न्हाई."

मलम आलं, औषध आलं, आणि कूलर लावलेल्या खोलीत घोंगड्याचा दिवसभराचा मुक्काम सुरू झाला. फोड हळूहळू वाळायला लागले. त्याचं कण्हणं थांबलं तेव्हा तारामती जाळीला धरून ढसाढसा रडली. माणूस थकलं की चांगल्या गोष्टीलाही रडू येतं.

आणि नेमका तेव्हाच ट्रक आला.

म्हणजे आधी बातमी आली. दक्षिणेत कुठंतरी जनावरं पोचवून पहाडातला एक ट्रक रिकामा परत निघाला होता. वाटेत वाकडी वाट करून लातूरला येणार आणि याक घेऊन जाणार. सांगताना डॉक्टरबाईंचा चेहरा मात्र पडला होता. तारामती म्हणाली, "तिकडं थंड हवेत येतील की केस भराभरा."

"बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घेऊन जाणारा माणूस काय म्हणतो ते बघू."

ट्रक यायच्या दिवशी तिनं घोंगड्याला पहाटेच आंघोळ घातली. कपाळावरचा झुपका विंचरला. मग घरून आणलेलं नवऱ्याचं घोंगडं काढलं. ते तिनं इतकी वर्षं ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपलं होतं. ते घोंगड्याच्या पाठीवर टाकून तिनं पोटाखालून सुतळीनं नीट बांधलं, फोडांना लागणार नाही असं. बघणाऱ्याला कळावं, जनावर उघडं पाठवत नाही आम्ही. वैशाखाच्या उन्हात घोंगडं पांघरलेला तो याक बघून फाटकावरचा वॉचमन बालाजी खो खो हसत सुटला, आणि मग तिच्याकडं बघून गप्प झाला.

ट्रकमधून उतरलेला माणूस तिच्याच वयाचा होता. रापलेला चेहरा, बारीक डोळे, बोलणं सावकाश. त्यानं आधी घोंगड्याच्या नाकापुढं हात धरला, त्याला वास घेऊ दिला. मग पाठीवरच्या पांघरुणाचा कोपरा उचलून आत बघितलं. मग गुडघ्यावर बसून पोटाखाली हात फिरवला. त्याचा हात तिथंच थांबला.

"पेट का बाल भी निकाला?"

"हाव जी. हमनेच निकाला," तारामती म्हणाली. तिचं हिंदी लातूरच्या बाजारातलं. "गरमी भोत थी ना. ऊपर जाके आयेगा ना बाल?"

तो उठला, हात झटकले. त्याच्या आवाजात राग नव्हता आणि तेच तिला सहन होईना. "माताजी, ये पेट का बालही इसका बिस्तर है. बरफ पे इसी के ऊपर बैठता है. ये आने को दो-दो साल लगते हैं. हमारे इधर तबेला नहीं, खुला पहाड़ है. रात को अभी भी पानी जमता है." त्यानं पाठीवरच्या सालपटांकडं बोट केलं. "और ये हालत में इतना लंबा सफर... पहली बरफ में मर जायेगा."

डॉक्टरबाईंनी खूप सांगून बघितलं. आडोसा करता येईल का, थोडे दिवस खाली कुठं ठेवता येईल का. तो सगळ्याला मान हलवून नाही म्हणत राहिला. पुढच्या वर्षी बघू, बाल येऊ द्या, म्हणाला. तारामती ऐकत होती आणि तिच्या हातातला दोर केव्हा सैल झाला, तिला कळलं नाही.

ट्रकचं मागचं फळकूट उतरवलेलं होतं. आत पहाडातलं वाळकं गवत अंथरलेलं होतं, त्याचा कसलासा कडसर वास सुटला होता. घोंगड्यानं नाक वर केलं. त्यानं कुणाकडं बघितलं नाही. ट्रक बघून बिथरेल, चढवायला चार माणसं लागतील म्हणून ज्याची सगळ्यांनी धास्ती घेतली होती, तो याक आपल्या पायांनी फळकुटावरून वर चढला, आत गेला, आणि त्या गवतात तोंड खुपसून उभा राहिला. सव्वा वर्षात तारामतीनं त्याला इतकं निवांत उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

मग त्याला उतरवायची खटपट सुरू झाली. बालाजीनं दोर ओढला, तर त्यानं मान झटकून बालाजीलाच फरफटवलं. चारा दाखवला, त्यानं बघितलासुद्धा नाही. पहाडी माणूस जवळ जाऊन आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला, आणि हात मागं घेऊन खाली उतरला. त्याचेही डोळे पाणावले होते. "माताजी," तो म्हणाला, "आपही बुलाओ. आपका सुनेगा."

तारामतीनं बादली भरली आणि फळकुटाच्या पायथ्याशी ठेवली. ओठ आवळले, पण नुसती हवा निघाली. ओठ कोरडे पडले होते. ती उभी राहिली. मनात आलं, नाही बोलावलं तर? नाहीच आली शीळ, तर? हा उतरणार नाही, ट्रकवाल्याला निघावंच लागेल, आणि हा जाईल. सुटेल तोही आणि मीही. मग तिला दिसलं ते बर्फावर बसलेलं उघडं पोट. ते उघडं तिनंच केलं होतं, दुपारी घटकाभर पाठ टेकावी म्हणून.

तिनं बादलीतल्या पाण्यात बोटं बुडवली, ओठ ओले केले, आणि सगळ्यांच्या देखत शीळ घातली.

घोंगड्यानं गवतातून तोंड काढलं. वळला. फळकुटावर एकेक पाय टाकत तो उतरला, पाठीवरचं घोंगडं एका बाजूला घसरलेलं, आणि येऊन तिच्या पायाशी बादलीत तोंड घातलं. तिच्यावर त्याचा इतका विश्वास होता, की आपण कुठून उतरलो, हे त्यानं मागं वळून बघितलंही नाही. तिला वाटलं, याच्यापेक्षा त्यानं शिंग मारलं असतं तर बरं झालं असतं.

पहाडी माणसानं फळकूट वर केलं, कड्या लावल्या. डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "पुरे मावशी. पितोय तो. दमलात तुम्ही."

ट्रक सुरू झाला. तारामतीला धाप लागली होती, ओठ थरथरत होते, पण ती थांबली नाही. शीळ थांबली की जनावर मान वर करतं. फाटकातून बाहेर पडून, धुरळा उडवत, ट्रक रेणापूरच्या वळणाआड जाईस्तोवर ती शीळ घालत राहिली.